पंज्याएवढं भोक

माझ्या वहिनींना मी आयुष्यात एकदाच भांडताना पाहिलंय, आणि तेव्हाही त्यांचा आवाज चढला नव्हता. आवाज चढवायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी तोंडाळ आहे. ते मला माहीत आहे, कुणी नव्याने सांगायची गरज नाही. पण माझा राग दूध उतू जावं तसा येतो, सांडतो आणि संपतो. वहिनींचा राग विरजणासारखा. झाकून ठेवतात, हलवत नाहीत, आणि झाकण काढावं तर आत घट्ट बसलेला असतो. ही गोष्ट त्यांच्या अशाच एका रागाची आहे. तो दोन वर्षं झाकलेला होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत पिठाची गिरणी आहे. ती मुळात माझ्या वडिलांची. त्यांनी दादाला ती शिकवायचा खूप प्रयत्न केला, पण दादाचा जीव लाकडात. शेवटी त्यांनी सुनेला शिकवली, आणि सून अशी तयार झाली की गिरणीचा पट्टा सैल झालाय की नाही ते नुसत्या आवाजावरून सांगायची. दादा फर्निचरच्या कारखान्यात लागला. पुढे मीही तिथेच पॉलिशच्या खोलीत लागले. दादाकडे कारखान्यातलं सगळ्यात जुनं करवतीचं मशीन होतं. बिडाचं टेबल, टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं, खाली चार पायांचा उघडा सांगाडा आणि मागे लटकणारी मोटर. मालकाच्या वडिलांनी घेतलेलं. सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. म्हातारीपुढे दादा तीस वर्षं उभा राहिला. फळ्या चिरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुसरा दिवसाला साठ चिरी, तर दादा नव्वद.

आणि म्हातारी तीस वर्षं त्याच्या तोंडावर थुंकली. मला दुसरा शब्द सापडत नाही. पात्याचे वर आलेले दात भुकटी थेट समोरच्या माणसावर फेकतात, आणि खालचे दात ती सांगाड्यातून खोलीभर उधळतात. घरी येऊन तोंड धुतल्यावरही दादाच्या पापण्या पिवळ्या असायच्या. आधी खोकला आला, मग दम लागायला लागला, मग जिना चढताना मध्येच टेकायची वेळ आली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा. दादाला काम सोडावं लागलं.

त्याच्या शेवटच्या दिवशी हत्यारांची पेटी न्यायला वहिनी कारखान्यात आल्या होत्या. चहा झाला. मालक चार शब्द बोलायला उभा राहिला. दादाचं तोंडभर कौतुक केलं, आणि मग कुणी विचारलेलं नसताना म्हणाला, "एक गोष्ट स्पष्ट सांगतो. याचं छातीचं दुखणं आमच्या मशीनमुळे आलं, असं कुणी मनात आणू नका. याच्या घरात पिठाची गिरणी आहे. बायको दिवसभर पीठ उडवते, तेच याच्या छातीत बसलंय."

पंचवीस माणसांसमोर बोलला. मी काय काय ओरडले ते मला धड आठवत नाही. पॉलिशच्या बायकांनी मला धरून मागे नेलं. वहिनींनी मात्र पेटी उचलली, दुसऱ्या हाताने दादाचा दंड धरला आणि चालू लागल्या.

बोलणं एकदा सुटलं की त्याला पाय फुटतात. महिन्याभरात ते आमच्या आत्याच्या कानावर गेलं आणि नवऱ्यापेक्षा गिरणी मोठी आहे का, असं ती वहिनींना तोंडावर विचारून गेली. गिऱ्हाइकं डबा ठेवून बाहेर रस्त्यावर उभी राहायला लागली. वहिनींनी ते सगळं सोसलं. त्यांच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. एका सकाळी दादाने घर आणि गिरणी यांच्यामधलं दार लावून घेतलं आणि खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. वहिनी गिरणीतून घरात यायला बोळातून वळसा घालून मागच्या दाराने यायला लागल्या.

"त्यांनासुद्धा वाटतं माझ्यामुळे झालं," त्या मला म्हणाल्या. मी त्यांच्याबरोबर कणीक चाळत बसले होते. "वन्सं, हे बोलणं मी त्या माणसाला त्याच्याच तोंडाने मागे घ्यायला लावीन. त्याच पंचवीस जणांसमोर."

कसं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी माझ्या परीने सुरुवात करून टाकली. मालकाच्या केबिनमधल्या नव्या टेबलाला पॉलिशचा शेवटचा हात मी मारला, आणि तो ओला असताना अगदी मधोमध अंगठा टेकवला. अजून आहे तो तिथे. मालक त्यावर कॅलेंडर ठेवतो. वहिनींना हे सांगितलं तर त्या हसल्या, पण एवढ्याने त्यांचं भागणार नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली, आणि मग कारखान्यात तपासणीच्या बाई आल्या. सरकारी माणूस आला की मालक त्याला भुशाची पोती दाखवायचा. ब्लोअर, म्हणजे भुसा ओढून पिशवीत भरणारा मोठा पंखा, आमच्याकडे पहिल्यापासून होता. त्याचा पाइप म्हातारीच्या सांगाड्याखाली नुसता टाकून ठेवलेला असायचा आणि दिवसाकाठी चार पोती भुसा निघायचा. चार पोती निघतात म्हणजे भुसा पकडला जातो, असा हिशोब मालकाचा, आणि खरं सांगायचं तर आमचा सगळ्यांचाच. जमीन झाडली की मशीन स्वच्छ. या बाई मात्र पोत्यांकडे बघायलाही गेल्या नाहीत. त्यांनी करवतवाल्याच्या नाकाच्या उंचीला एक डबीसारखं यंत्र टांगलं, अर्ध्या तासाने त्यातला आकडा वाचला आणि म्हातारीच्या बटणावर चिकटपट्टी लावून सही केली. तीन आठवड्यांत धूळ आवरा, नाहीतर मशीन कायमचं बंद. चाचणीपुरतं चालवायला तेवढी परवानगी दिली.

मालकाने मशीनवाल्यांना बोलावलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, हे फेकून द्या, नवं घ्या. नवं यायला चार महिने लागणार होते आणि शाळेच्या बाकांची ऑर्डर अर्धवट होती. शिवाय वडिलांनी घेतलेलं मशीन भंगारात घालायला त्याचा जीव होत नव्हता. जो येईल त्याला तो म्हणायचा, जुन्या मशीनला धूळ असायचीच, त्याला इलाज नाही.

मी हे घरी येऊन रंगवून सांगितलं. वहिनींनी हातातलं काम खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लावून त्या माझ्याबरोबर कारखान्यात आल्या आणि सरळ म्हातारीपाशी गेल्या. खाली वाकून सांगाड्यातून पाहिलं, मागून पाहिलं, पात्याच्या फटीत बोट घातलं, वर छताच्या तुळईवरून हात फिरवला. मग केबिनमध्ये जाऊन म्हणाल्या की हे मी करून देते.

मालक हसला. "बाई, हे लाकडाचं काम आहे. दळण नव्हे."

"दळणच आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमचं जातं दातांचं आहे, एवढाच फरक. तुम्ही पोत्यातला भुसा बघता. जो पोत्यात पडतो, तो कुणाला मारत नाही. तुळईवर जे पीठ बसलंय, ते मारतं."

मोबदला नको म्हणाल्या. अट एकच: मशीन तपासणीत पास झालं, तर त्याच पंचवीस जणांसमोर त्याने म्हणायचं की दादाच्या छातीत गेलं ते गिरणीचं पीठ नव्हतं, माझ्या मशीनची धूळ होती. मालक कबूल झाला. का नाही होणार? हे जमणार नाही याची त्याला खात्री होती. वहिनी बाहेर पडल्यावर, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, बाईच्या डोक्यात भुसा भरलाय, असंही म्हणाला. वहिनींना ऐकू गेलं. त्यांनी वळून मागे येऊन सांगितलं की उद्या काळा शर्ट घालून या.

दुसऱ्या दिवशी खरोखरच तो काळा शर्ट घालून आला. वहिनींनी त्याला म्हातारीपुढे, दादा उभा राहायचा त्या जागी उभं केलं. शेजारी गुण्या चिरायला. गुण्या म्हणजे आमचा सगळ्यात जुना सुतार. काटकोन मोजायच्या हत्याराचं नाव त्याला पडलं, कारण तो कधी वाकत नाही, ना पाठीने ना बोलण्यात. "इलाज नाही म्हणता ना," वहिनी मालकाला म्हणाल्या, "मग अर्धा तास उभे राहा. ते तीस वर्षं राहिले."

अर्धा तास गुण्याने एकामागून एक फळ्या चिरल्या. मी पॉलिशचा बोळा हातात धरून दारात उभी होते आणि मला त्या दिवशी जे समाधान मिळालं ते लपवण्यात अर्थ नाही. दहाव्या मिनिटाला त्याने नाक पुसलं. विसाव्या मिनिटाला तो डोळे चोळायला लागला. एकूण अकरा वेळा शिंकला, मी मोजलं. मशीन थांबलं तेव्हा शर्ट काळा राहिला नव्हता. वहिनींनी त्याच्या खांद्यावरून एक बोट फिरवलं. बोटामागे काळी रेघ उमटली. सगळे बघत होते.

"हे नाकात गेलेलं नाही, बाहेर राहिलेलं आहे," त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

गुण्याला त्यांनी मदतीला घेतलं. पॅकिंगचं तुटकं प्लायवूड वापरायचं ठरलं, कारण त्यांना दाखवून द्यायचं होतं की याला काही लागत नाही. पहिल्यांदा ब्लोअरच भिंतीपलीकडे मागच्या अंगणात नेला. त्याची पिशवी पातळ कापडाची होती. जाड भुसा आत राहायचा आणि बारीक पीठ कापडातून गाळून पुन्हा खोलीत यायचं. वहिनींनी गिरणीच्या तोंडाला बांधतात त्या जाड कापडाची दुहेरी पिशवी तिथेच माझ्या टेबलावर बसून शिवली. मग सांगाड्याच्या तळाला चारी बाजूंनी उतरत्या फळ्या लावून नरसाळं केलं आणि पाइप त्याच्या बुडाला बसवला. पात्याभोवतीची रुंद फट बुजवायला लाकडाची नवी पट्टी टाकली आणि चालू पातं खालून वर घेत तिच्यातून त्याला स्वतःपुरती वाट कापू दिली. पात्याच्या डोक्यावर पारदर्शक टोपी आली, तिला वेगळा पाइप. राहिली मागची उघडी बाजू, जिथे मोटर लटकते. तिथे फळी लावायला त्या वाकल्या आणि थांबल्या. बिडाच्या कडेला चार जुनी भोकं होती, स्क्रूच्या आट्यांची, ग्रीसने भरलेली. त्यांना भोकं पाडायची होती बरोबर त्याच जागी.

हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. गुण्याने एका भोकातलं ग्रीस नखाने खरवडलं. "दादानं फळी लावली होती इथे," तो म्हणाला. "कामाला लागून सहा वर्षं झाली असतील तेव्हा. आठवड्यात निघाली. मालकानं काढायला लावली असणार, दुसरं कोण."

वहिनींचा चेहरा मला दिसला. दोन वर्षांचा राग आता सव्वीस वर्षं जुना झाला. म्हणजे माझ्या भावाला कळलं होतं. त्याने स्वतःच्या हाताने उपाय केला होता आणि या माणसाने तो उपटून फेकला होता. गुण्या "असणार" म्हणाला, ते आम्ही दोघींनीही ऐकलं नाही. आम्ही "काढायला लावली" एवढंच ऐकलं.

मग वहिनी अशा पेटल्या की त्यांनी म्हातारीला बंदच करून टाकलं. मागची फळी, पातं वरखाली करायच्या चाकाची फट, टेबल आणि सांगाडा यांच्यामधली जागा, पट्टी आणि फोम आणि चिकटपट्टी, जिथे बोट शिरेल तिथे काहीतरी कोंबलं. एक कण बाहेर येता कामा नये म्हणाल्या. संध्याकाळी चाचणी घेतली. ब्लोअर नुसता किंचाळत होता आणि ओढत काहीच नव्हता. पाचव्या फळीला लाकूड जळाल्याचा वास आला, दहाव्या फळीला पातं अडलं. मागची फळी काढून बघितलं तर आत भुसा ठासून भरलेला, दगडासारखा. मालक केबिनच्या काचेतून बघत होता. तो बाहेर आला नाही, हसलाही नाही, फक्त घड्याळ बघून दिवा घालवला.

मला वाटलं वहिनी रडतील. त्या घरी आल्या, भाजी चिरली, जेवल्या. सकाळी गिरणीत नेहमीची दळणं उरकताना मला हाक मारली. धान्य ओततात त्या तोंडावर त्यांनी ताट झाकलं. खाली पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेली कापडाची लांब बाही, जी एरवी फुगलेली असते, ती बघता बघता मलूल पडली. ताट काढलं, पुन्हा फुगली.

"पहिल्या महिन्यात मामंजींनी मला हेच शिकवलं होतं," त्या म्हणाल्या. "आत वारा आला नाही, तर बाहेर काय जाणार. आणि काल मी रागाच्या भरात सगळी भोकं बुजवत बसले."

कारखान्यात जाऊन त्यांनी नरसाळ्याच्या पुढच्या फळीला, पाइपाच्या बरोबर समोर, खालच्या अंगाला, स्वतःचा पंजा ठेवून पेन्सिल फिरवली आणि गुण्याला तेवढं भोक कापायला सांगितलं. धूळ अडवायला एवढी धडपड केली आणि आता भोक पाडायचं, हे गुण्याला पटेना, पण त्याने कापलं. मशीन सुरू केलं. मी भोकापाशी कागद धरला तर तो माझ्या हातातून आत खेचला गेला. वारा पुढून शिरत होता, तळावरून सगळं झाडत मागच्या पाइपात जात होता. चाळीस फळ्या झाल्यावर आत पाहिलं, मूठभरही भुसा नव्हता.

तपासणीच्या बाई दोन दिवसांनी आल्या. मालकाला वहिनींनी पुन्हा काळा शर्ट घालायला लावला होता. अर्धा तास झाला. बाईंनी डबीतला आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि बटणावरची पट्टी काढली. वहिनींनी मालकाच्या खांद्यावरून बोट फिरवलं. रेघ उमटली नाही. शर्ट काळाच होता.

त्यांनी सगळ्यांना काम थांबवून जवळ यायला सांगितलं. मालक तोंडातल्या तोंडात पुटपुटला. पॉलिशच्या बायकांना ऐकू आलं नाही, असं मी सांगितलं. त्याने पुन्हा म्हटलं, मोठ्याने: गिरणीचं पीठ नव्हतं, माझ्या मशीनची धूळ होती.

"आणि किती दिवस लागले ते सांगा," वहिनी म्हणाल्या.

"दोन."

"आणि सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी लावलेली फळी तुम्ही काढायला लावली, तेही म्हणा."

मालक गोंधळला. त्याने आठवायचा प्रयत्न केला, हे मला दिसत होतं. तेव्हा वडील कारभार बघायचे, मी नवा होतो, असं काहीतरी म्हणाला. वहिनी हलल्या नाहीत. तपासणीच्या बाई कागद हातात धरून ऐकत होत्या. शेवटी त्याची मान खाली गेली. "लावली असेल," तो म्हणाला.

घरी येताना वहिनी अशा चालत होत्या की मला त्यांना गाठायला पळावं लागलं. ऊन अजून उतरलं नव्हतं. दादा मधल्या खोलीत खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता. वहिनींनी त्याला सगळं सांगितलं, पहिल्या शिंकेपासून. एवढं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. भोकाची गोष्ट सांगितली, आकडा सांगितला, मालकाचं वाक्य दोनदा सांगितलं, आणि मग फळीबद्दल त्याने कसं कबूल केलं ते.

दादाने हात वर करून त्यांना थांबवलं. "फळी त्याने नव्हती काढायला लावली," तो म्हणाला. "मी काढली."

त्याला एका दमात बोलता येत नाही. चार शब्द, मग श्वास, मग चार शब्द. म्हणाला, लावल्यावर चार दिवस बरं वाटलं. पण आत भुसा ठासायला लागला. लाकूड जळायचं. दर तासाला स्क्रू काढून साफ करायचं. नव्वद फळ्यांच्या पन्नास झाल्या, आणि शेजारचा मशीनवाला हसला. पाचव्या दिवशी त्याने फळी उपटून भंगारात टाकली. पुढे लोक मालकाचं नाव घ्यायला लागले, तेव्हा तो काही बोलला नाही.

"चारी बाजूंनी बंद केलं होतंत?" वहिनींनी विचारलं.

"हो. एक फट ठेवली नव्हती."

"वाऱ्याला भोक?"

"वाऱ्याला कशाला भोक?" दादा म्हणाला.

वहिनी खाली बसल्या. "मी या भिंतीपलीकडे होते," त्या म्हणाल्या. "बारा पावलांवर. घरी येऊन एकदा विचारलं असतंत."

"तुला काय विचारायचं. तू दळणं दळायचीस."

मी दारात उभी होते. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण गेले नाही. आपण ज्याच्यासाठी दोन वर्षं दात धरून बसलो, तो हे पोटात ठेवून बसला होता, याची मला चीड आली, आणि त्याच्या हाडकुळ्या खांद्यांकडे बघून त्या चिडीची लाजही वाटली.

"मग टॉवेल कशाला कोंबत होतात?" वहिनींनी विचारलं. "तुम्हाला तर ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणूनच," दादा म्हणाला. "तुझ्या पिठाने झालं असेल, तर मी काढलेल्या फळीने झालेलं नसेल."

वहिनींचा आवाज चढला नाही, पण ते भांडण होतं. मी आयुष्यात पाहिलेलं त्यांचं एकमेव. "मालकाच्या कबुलीतलं एक अक्षर मी परत करणार नाही," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं ते मशीन त्याच्या डोळ्यांसमोर उघडं होतं. त्याच्यावर सूड उगवला, बरं झालं. आता तुमच्यावर कसा उगवू, ते तुम्हीच सांगा मला."

दादाला उत्तर द्यायचं होतं. त्याने श्वास घेतला, तो पुरला नाही, म्हणून दुसरा घेतला, आणि त्याला ढास लागली. ओठ काळेनिळे पडायला लागले. वहिनींनी त्याला पुढे वाकवलं, एका हाताने छाती सावरून धरली, दुसऱ्याने पाठ चोळायला लागल्या, जरा जास्तच जोरात. माझ्याकडे न बघता त्यांनी हात मागे केला.

"वन्सं, पंप द्या," त्या म्हणाल्या. आवाज अजून भांडणाचाच होता.